तिसऱ्या हाकेला ओ

देवानं मला एक कला दिली आणि ती कुठं वापरू नये हे सांगायला तो विसरला. ती कला म्हणजे डोळे काढणं. भांडणात माणसं एकमेकांचे काढतात ते नव्हे, मूर्तीचे. बाबांचं घराणं पेणचं. तिथं आजोबांचा गणपतीचा कारखाना होता, आणि कारखान्यात अंगाचा रंग कुणीही द्यावा, पण डोळ्यांची आखणी मात्र घरच्याच माणसाच्या हातची. बाबा शाडूच्या धुळीला कंटाळून बोटीवर गेले, मरीन इंजिनिअर झाले, आम्हाला सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये ठेवून अर्धं वर्ष समुद्रावर राहू लागले. पण गणपती त्यांनी कधी विकत आणला नाही. रजाच अशी घ्यायचे की श्रावणात घरी असतील. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली जात आणि आम्ही पंधरा दिवस मांडीवर ताट घेऊन जेवत असू. शेवटचा दिवस आखणीचा. त्या दिवशी पंखा बंद, रेडिओ बंद, आईनं फोडणीसुद्धा द्यायची नाही. बाबा एक बारीक रेघ ओढत, मग दुसरी, मग बुबुळ ठेवत, आणि इतका वेळ नुसता मातीचा असलेला तो ऐवज एकदम आपल्याकडे बघायला लागे. मी नववीत असताना त्यांनी कुंचला माझ्या हातात दिला. काम झाल्यावर चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "जमलं." हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात चारेक वेळा ऐकला असेन. माझ्या डोक्यात जी हवा गेली ती अजून पूर्ण उतरलेली नाही, असं माझ्या बायकोचं मत आहे, आणि मुलगी इथल्या ढंगात "ट्रू, ला" करून तिला दुजोरा देते.

आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. जुन्या इमारतीत असतं तसं स्वयंपाकघराच्या भिंतीत कचरा टाकायचं लोखंडी झाकण होतं. ते उघडलं की आत वरपासून खालपर्यंत एक काळा नळ, आणि त्या नळातून सगळ्या मजल्यांचे आवाज येत. कुणाची कढई, कुणाचं मूल, कुणाचा टीव्ही, तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचा खोकला. तो खोकला इतका जवळून येई की आई कधीकधी सवयीनं "पाणी प्या" म्हणत असे. आई गुहागरकडची. तिच्या माहेरचे बरेच नियम तिनं सामानाबरोबर इथं आणले होते. त्यातला मुख्य हा, की बाहेरून नावानं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. वाईट जे असतं त्याला दोनदाच हाक मारता येते. तिसरी आली की समजावं माणूस आहे, मग खुशाल ओ द्यावी. बाबा इंजिनिअर असून हा नियम पाळत. इंजिनरूममध्येही पाळत, आणि त्यावरून दोन कॅप्टनांशी त्यांचं वाजलंही होतं.

मी अठरा वर्षांचा होतो, शाळा संपली होती आणि पॉलिटेक्निक सुरू व्हायचं होतं, म्हणजे माझा कुणालाच उपयोग नव्हता. त्याच पावणेदोन महिन्यांत बाबांच्या छातीत दुखलं. नोव्हेनाच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी बायपासची तारीख दिली, नेमकी गणपतीच्या चार दिवस आधीची. बाबांना जिना चढायला मनाई, वाकायला मनाई, मातीचा गोळा उचलायला तर अर्थातच मनाई. ते दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागले. आई मला म्हणाली, "ह्यांच्या हातचा नसेल तर तुझ्या हातचा. पण विकतचा गणपती ह्या वर्षी ह्या घरात येणार नाही. ह्या वर्षी तर नाहीच." तिच्या मनात काय हिशोब चालला होता ते मला कळत होतं. गणपती नीट झाला तर सगळं नीट होणार होतं.

माती मिळाली ती चौथ्या मजल्यावरच्या कोरियन बाईंमुळे. नवरा बोटीवर कॅप्टन होता, तो गेल्यावर त्या इथंच राहिल्या. त्या मातीच्या मूर्ती करून भट्टीत भाजत आणि कुठल्याशा गॅलरीला देत. आम्ही त्यांना हालमोनी म्हणावं असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या भाषेत हालमोनी म्हणजे आजी. आईला वाटलं हे अगस्तीमुनींसारखं काहीतरी आहे, म्हणून ती शेवटपर्यंत त्यांना 'हलमुनी' म्हणाली. दोघींची मैत्री पूर्णपणे डब्यांवर उभी होती. वरून अळूवडी खाली जाई, खालून किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, वर येई. आई ती किमची फोडणी देऊन वाढी, आणि तिकडे हालमोनी अळूवडीचं काय करत हे आम्ही कधी विचारलं नाही.

त्यांची कामाची खोली अलेक्झांड्राच्या बाजूला एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत होती. आई आणि मी तिथं रोज दुपारी चालत जाऊ लागलो. खोलीत शिरल्यावर आधी गार ओल्या मातीचा वास यायचा, आणि मग लक्षात यायचं की आपल्याकडे बरेच जण बघतायत. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर त्यांच्या देशातल्या गोष्टींमधली मंडळी. चिलीम ओढणारा वाघ. एकशिंगी, दात विचकणारी भुतं. ती म्हणे जुन्या, टाकून दिलेल्या केरसुण्यांमधून जन्मतात आणि वाटेत माणूस दिसला की कुस्ती खेळू या म्हणतात. आईनं त्या दिवशी घरी गेल्यावर जुनी केरसुणी कचऱ्याच्या नळात टाकायला काढली होती ती परत कपाटात ठेवली. एक बाई होती, पुढून सुंदर, आणि मागं तिच्या झग्याखाली नऊ शेपट्या. या सगळ्यांचे डोळे मोठे आणि काळे होते. फक्त एकालाच डोळे नव्हते. हातभर उंचीचा, पायघोळ अंगरखा, डोक्यावर पसरट काठाची टोपी, आणि टोपीखाली नाक आणि ओठ, बाकी सपाट. तो अजून एकदाच भाजलेला होता, फिकट गुलाबी, वरचा काचेसारखा लेप लागायचा होता. टोपीमुळे मला तो एखादा हेडक्लार्क वाटला.

"ह्याचे डोळे राहिलेत," मी इंग्रजीत म्हणालो.

हालमोनी हात पुसत म्हणाल्या, "नो आय. गुड."

"काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

"नो आय."

"आय नाही? अगं बाई," आई म्हणाली, "पोरका आहे होय बिचारा."

मी हसलो, आई का हसलास म्हणून चिडली, हालमोनी दोघांकडे बघून हसल्या, आणि नीट विचारायचं जे होतं ते तिथंच राहिलं. मला इंग्रजी कळत होतं. तरी मी स्वतःची समजूत अशी घातली, की हालमोनींना मोतीबिंदू आहे, बारीक काम आता जमत नसणार, आणि म्हातारं माणूस ते कबूल करायला लाजतंय. परोपकारी माणसानं किती नुकसान करावं याला मर्यादा नसते हे मी तेव्हापासून जाणून आहे.

आमचा गणपती बरा झाला. सोंड जरा जाड आली, पण बसला छान. आखणीच्या दिवशी आईनं मला देवाला घालतात तशी आंघोळ घातली नाही एवढंच. हालमोनी सोया मिल्क आणायला खालच्या हॉकर सेंटरमध्ये गेल्या, आई बाहेरच्या नळावर भांडी धूत होती. मी रेघ ओढली, दुसरी ओढली, बुबुळं ठेवली. गणपती बघायला लागला. इतकं सुरेख जमलं होतं की हात थांबेना. समोरच्या फळीवर तो टोपीवाला बिनडोळ्यांचा उभा. हालमोनींच्या टेबलावर वाटीत लोखंडाच्या गंजाचं पाणी होतं. ते लावताना चहासारखं फिकट दिसतं आणि भट्टीतून काळंभोर होऊन निघतं, हे मी चार दिवसांत शिकलो होतो. मी कुंचला धुतला, वाटीत बुडवला आणि पेणच्या पद्धतीचे दोन लांबसडक, मायाळू डोळे त्याला काढून दिले. पुरं दोन मिनिटांचं काम. काढून झाल्यावर खोलीत काहीतरी बदललं. आवाज नाही, हालचाल नाही. आधी त्या खोलीतली सगळी मंडळी माझ्याकडे बघायची, आता मला वाटलं ती त्याच्याकडे बघतायत.

हालमोनींनी दुसऱ्या दिवशी त्याच्यावर लेप फवारला. फिकट रेघा त्यांना दिसल्या नाहीत. मी आश्चर्याचा सुखद धक्का द्यायचा म्हणून गप्प बसलो.

भट्टी उघडली त्या सकाळी बाबा इस्पितळात होते आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. गणपती घेऊन यायला मी एकटाच गेलो होतो. हालमोनींनी जाड हातमोजे घालून वाघ काढला, भुतं काढली, आणि मग त्याला काढला. अंगरखा आणि टोपी शाईसारखी काळी, चेहरा पांढरा, आणि त्यात ते डोळे. त्यांनी त्याला उजेडात धरला, चेहऱ्याजवळ नेला. मग अगदी हळू खाली ठेवला, झोपलेलं मूल ठेवतात तसा.

"यू?" त्यांनी विचारलं.

मी हसत मान डोलावली. त्या हसल्या नाहीत. मोडक्या इंग्रजीत, अधूनमधून थांबत, त्यांनी जे सांगितलं ते असं. हा साजा, पलीकडच्या जगाचा निरोप्या. ज्याची वेळ आली त्याच्या दाराशी येतो. त्या आयुष्यभर साजा करत आल्या आणि एकालाही त्यांनी डोळे दिले नाहीत, कारण डोळे नसले की त्याला घर सापडत नाही. "कॅप्टन गेला तेव्हा," त्या म्हणाल्या, "मी बोटीवर नव्हते. बोटीवर असा बिनडोळ्यांचा साजा नव्हता." आला की तो काय करतो, मी विचारलं. "नावानं हाक मारतो. वन. टू. थ्री. थर्ड टाइम, यू से येस, फिनिश."

मी घरी गणपती घेऊन आलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आईनं औक्षण केलं, मूर्ती कपड्यानं झाकून ठेवली. मी तिला काही सांगितलं नाही. अठराव्या वर्षी माणूस स्वतःला शहाणा समजतो आणि शहाण्यांचा कोरियन यमदूतांवर विश्वास नसतो. आम्ही जेवायला बसलो. वरणभात, पापड, मीठ कमी असलेली भाजी, कारण बाबांचं पथ्य आई आम्हालाही लावत होती. बरोबर बारा वाजले असतील. आणि कचऱ्याच्या नळातून, त्या बंद लोखंडी झाकणाच्या मागून, एक पुरुषाचा आवाज आला. फार मोठा नाही. ऑफिसात हजेरी घेताना घेतात तसा, सपाट.

"प्रभाकर."

हे बाबांचं नाव. सिंगापुरात त्यांना कुणी त्या नावानं हाक मारत नसे. बोटीवर ते चीफ, शेजारी मिस्टर पेणकर, आई तर नावच घेत नसे. आईचा घास हातात राहिला. तिनं दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. थांब.

"प्रभाकर."

दोन बोटं. आई झाकणाकडे बघत होती, ओठ अर्धे उघडे, तिसरी आली की ओ द्यायला तयार. तिसरी आली नाही. नळात वरून कुणीतरी काहीतरी टाकलं, ते खडखडत खाली गेलं, आणि मग नुसती शांतता. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा खोकलासुद्धा नाही. आई म्हणाली, "दोनच झाल्या. म्हणजे गेलं ते." ती समाधानानं पुन्हा जेवू लागली. मी मात्र ताटावरून उठलो. आईच्या नियमानं ते गेलं होतं. हालमोनींच्या नियमानं ते फक्त पत्ता चुकलं होतं. माणूस इथं नाही हे कळल्यावर ते नोव्हेनाला जाणार होतं. आणि तिथं पलंगावर गुहागरच्या जावयानं, तीस वर्षांच्या शिस्तीनं, पहिल्या हाकेला गप्प राहायचं, दुसऱ्या हाकेला गप्प राहायचं, आणि तिसऱ्या हाकेला, आता काही भीती नाही म्हणून, मोठ्यानं ओ द्यायची होती.

आज मला कुणीही सांगेल, आणि मी स्वतःलाही सांगत आलोय, की आमच्या इमारतीत एखादा तमिळ प्रभाकरन असणारच आणि त्याला त्याचा भाऊ हाक मारत असणार. असेल. तेव्हा मी फोनकडे धावलो. वॉर्डमधल्या नर्सबाईंना म्हणालो, मिस्टर पेणकरांना एक निरोप द्या, त्यांना कुणी हाक मारली तर येस म्हणू नका म्हणावं.

"कुणी म्हणजे कोण?"

"कुणीही."

"मघाच डॉक्टरांनी संमतीचा फॉर्म भरून घेतला," नर्सबाई थंडपणे म्हणाल्या. "त्यावर त्यांनी येसच म्हटलंय." आणि फोन ठेवला.

मी आईला सांगितलं, बाबांचा वाचायचा चष्मा राहिलाय, आणि घरातल्या स्लिपरवर धावत सुटलो. MRT आली, मी चढलो, आणि तीन स्टेशनं गेल्यावर लक्षात आलं की गाडी उलट्या दिशेला, क्लेमेंटीकडे चाललीय. वडिलांचा जीव वाचवायला निघालेला मुलगा फलाट चुकतो, हे बाबांखेरीज मी अजूनपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. उतरलो, पलीकडे गेलो, सगळं अंतर परत कापलं, पुढे गाडी बदलली. डब्यात माणसं शांत बसली होती. प्रत्येक स्टेशनावर दार उघडलं की मी पसरट काठाची टोपी शोधत होतो.

वॉर्डमध्ये पोचलो तेव्हा बाबा उशांना टेकून बसले होते, जिवंत, आणि माझ्या पायांकडे बघत होते.

"बूट कुठायत?" ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. आमच्यात हात धरायची पद्धत नव्हती, त्यामुळे ते घाबरले. "बाबा, कुणी हाक मारली का तुम्हाला?"

बाबांनी आधी हात सोडवून घेतला. मग म्हणाले, "मारली. आता, अर्ध्या तासापूर्वी. डोळा लागला होता. प्रभाकर म्हणून. मी गप्प राहिलो. पुन्हा मारली. गप्प राहिलो. तिसरी मारली, आणि मी ओ देणार तेवढ्यात," त्यांनी हनुवटीनं शेजारच्या पलंगाकडे खूण केली, "लिम अंकल म्हणाले, येस, येस. त्यांचं तसंच आहे. ऐकायला कमी येतं, चहावालीला येस, डॉक्टरला येस. मला हसू आलं."

लिम अंकलांचं उद्या पित्ताशयाचे खडे काढायचं साधं ऑपरेशन होतं. दोन दिवसांत त्यांनी बाबांना संत्री सोलून दिली होती आणि मला नोकरी कुठली करावी हे तीनदा सांगितलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. चादर खांद्यापर्यंत नीट ओढलेली. मी त्या चादरीकडे बघत राहिलो. बाबाही बघायला लागले. ती वर होत नव्हती की खाली होत नव्हती. बाबांनी घंटीचं बटण दाबलं आणि ते दाबूनच धरलं.

बाबांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, उत्तम झालं. गणपतीही आले आणि गेले. त्या आधीच, आईच्या आग्रहानं, आम्ही दोघं मरीन परेडला लिम अंकलांच्या इमारतीखाली गेलो. तिथं मोकळ्या तळमजल्यावर मांडव घातला होता, टेबलांवर सांत्वनाला येणाऱ्यांसाठी शेंगदाणे आणि गोड पेयाचे डबे होते, आणि पुढं त्यांचा फोटो. लिम आंटींनी आईचा हात हातात घेतला. "तो तसाच होता," त्या मला म्हणाल्या. "शेजारच्या घरात फोन वाजला तरी हा उठायचा, ला. मी म्हणायची, तुझा नाही, तुझा नाही. ऐकायचा नाही." आणि मग, "तुझे बाबा बरे आहेत ना? गुड, गुड. व्हेरी लकी." मी येस आंटी म्हणालो. आईनं मला शेंगदाणे दिले आणि मी ते मुठीत धरून बसलो.

बाबा घरी आल्यावर आठवड्याभरानं हालमोनी साजाला कापडात गुंडाळून वर घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ज्यानं डोळे उघडले त्यानं ठेवायचा." फोडायचा का, मी विचारलं. त्यांनी जोरात मान हलवली. फोडला तर तो मोकळाच सुटतो. आणि त्या जिन्यानं खाली निघून गेल्या. आई आत मऊ भात करत होती. बाबांना सगळं मी त्या दुपारी सांगितलं, डोळ्यांपासून फलाटापर्यंत. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, साजाला दोन्ही हातांनी उचललं आणि कारखान्यातल्या माणसाच्या नजरेनं न्याहाळलं.

"डाव्याचं बुबुळ आत गेलंय," ते म्हणाले. "तिरळा झालाय. हा समोर बघतच नाहीये. शेजारी बघतोय."

बोलून गेल्यावर त्यांना त्याचा अर्थ कळला, आणि मला कळला. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, काय झालं. बाबा म्हणाले, काही नाही.

त्यांनी साजाचं तोंड भिंतीकडे केलं. भिंतीपलीकडे मलाय कुटुंब राहायचं. त्यांचं तान्हं बाळ तेवढ्यात रडायला लागलं. बाबांनी त्याला पुन्हा उचललं, खिडकीकडे वळवलं. समोरच्या इमारतीत शंभरेक खिडक्या, दोऱ्यांवर कपडे, एक म्हातारी कुंडीला पाणी घालत होती. त्यांनी त्याला दाराकडे वळवलं, मग थांबले. दाराबाहेरच्या व्हरांड्यातून सगळा मजला जात-येत असे. छातीवर टाके असलेला माणूस हातात तेवढं वजन घेऊन खोलीच्या मध्ये उभा होता आणि मी त्यांना मदत करायला पुढे झालो नाही. शेवटी त्यांनी साजाला टेबलाच्या कडेला ठेवलं. वाकून, एक डोळा मिटून, त्याची नजर नेमकी कुठं पडते ते मापलं. मग आपली खुर्ची सरकवत सरकवत बरोबर तिथं आणली आणि तीत बसले.

"भात झाला असला तर वाढ," ते आईला म्हणाले. "मी आता इथंच बसून जेवत जाईन."